उन्हात उभा केलेला प्याला

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांनी मुलांना चार उपदेशाचे शब्द सांगावेत, अशी आपल्याकडे रीत आहे. आम्ही मात्र आज एका कबुलीने आरंभ करणार आहोत.

सन १९९७ मध्ये हेल-बॉप नावाचा धूमकेतू कित्येक आठवडे नुसत्या डोळ्यांना दिसत होता. वर्गातील एका मुलाने आम्हांस विचारले, "गुरुजी, धूमकेतूची शेपटी नेहमी सूर्याच्या उलट दिशेलाच का असते?" आम्ही सांगितले, "सूर्यप्रकाशाच्या दाबाने." त्यावर तो म्हणाला, "मग शेपट्या दोन कशा?" तेव्हा, हे अभ्यासक्रमात नाही, असे म्हणून आम्ही त्याला खाली बसविले. खरे कारण असे, की उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते आणि तसे म्हणण्याचे धैर्यही नव्हते. ते उत्तर आज येथे देण्याचे योजिले आहे.

धूमकेतूची एक शेपटी धुळीची. ती प्रकाशाच्या दाबाने मागे सारली जाते. दुसरी निळसर व सरळ शेपटी विद्युत्भारित वायूची. तिला सूर्याच्या उलट दिशेला वाहून नेणारा एक वारा आहे. त्यास सौरवारा म्हणतात. हा वारा हवेचा नव्हे. सूर्याच्या प्रभामंडलातून प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आदी विद्युत्भारित कण सेकंदास सुमारे ३०० ते ८०० किलोमीटर वेगाने अखंड बाहेर पडत असतात. त्यांचा हा प्रवाह होय.

धूमकेतूंच्या शेपट्यांवरून असा कणप्रवाह असावा, हे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बीरमन यांनी १९५१ साली मांडले. पुढे शिकागो विद्यापीठातील युजीन पार्कर या एकतीस वर्षांच्या तरुणाने गणिताने दाखविले, की इतके तप्त प्रभामंडल सूर्याभोवती स्वस्थ राहूच शकणार नाही. ते बाहेर वाहिलेच पाहिजे. १९५८ साली त्याचा निबंध 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'कडे गेला, तेव्हा दोघा परीक्षकांनी तो नाकारला. त्या नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यम चंद्रशेखर. लाहोरला जन्मलेले आणि मद्रासला शिकलेले. त्यांनाही पार्करची कल्पना पटली नव्हती. परंतु परीक्षकांना गणितात चूक दाखविता आली नाही, एवढे पाहून त्यांनी तो निबंध छापला. चारच वर्षांनी, १९६२ साली, शुक्राकडे निघालेल्या मॅरिनर-२ या यानाने तो वारा वाटेत अखंड मोजला.

यानंतर प्रश्न उरला, तो हा वारा उगमापाशी कसा आहे याचा. गंगेचे पाणी काशीला तपासून गंगोत्रीचे ज्ञान होत नाही, तद्वत पृथ्वीपाशी मोजून उगमाचे गूढ उकलत नव्हते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सियस, तर त्यावरील प्रभामंडल दहा लाख अंशांहून तप्त. असे का, आणि वाऱ्याला वेग कोठे मिळतो? हे जाणण्यासाठी १२ ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने एक यान सोडले. त्यास 'पार्कर' हेच नाव दिले. हयात व्यक्तीचे नाव नासाने यानास देण्याची ती पहिलीच वेळ होती. एक्याण्णव वर्षांचे पार्कर स्वतः उड्डाण पाहण्यास उपस्थित होते. १९५८ साली ज्यास नाकारले गेले, त्यास हा दिवस पाहावयास मिळाला!

दहा लाख अंशांत यान वितळत कसे नाही, असे कोणी विचारील. दिवाळीतील फुलबाजीची ठिणगी अत्यंत तप्त असते, पण हातावर पडली तरी भाजत नाही. कारण तिच्यात द्रव्य अत्यल्प असते. प्रभामंडलही असेच विरळ आहे. खरा ताप प्रत्यक्ष सूर्यप्रकाशाचा. त्यासाठी यानापुढे कार्बनची ११.५ सेंटिमीटर जाडीची ढाल आहे. तिची सूर्याकडील बाजू सुमारे १,४०० अंशांपर्यंत तापते, तर मागच्या सावलीत यंत्रे आपल्या घरातील उष्म्याइतक्याच, म्हणजे सुमारे ३० अंश तापमानात राहतात.

परंतु वारा तर सूर्याकडूनच येणार! सर्वच यंत्रे सावलीत ठेविली, तर समोरून येणारे कण मोजावयाचे कोणी? म्हणून एक उपकरण ढालीच्या कडेबाहेर, भर उन्हात ठेवावे लागले. ते 'फॅरेडे कप' जातीचे आहे, म्हणजे कण झेलणारा एक प्याला. त्याच्या तोंडावर तारांच्या जाळ्या आहेत. एका जाळीला हजारो व्होल्टचा दाब देऊन तो खालीवर करतात. कमी वेगाचा प्रोटॉन परत फिरतो, पुरेसा वेगवान असेल तोच आत जातो. ही विजेची चाळणीच होय. आत आलेल्या कणांनी तळाच्या पट्ट्यांवर निर्माण केलेला सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजला, की किती कण कोणत्या वेगाने आले ते कळते. तळाचे चार भाग केलेले असल्यामुळे ते कोणत्या बाजूने आले, हेही समजते.

तत्त्व सोपे, पण बनविणे महाकठीण. प्याल्यासाठी टायटेनियम, झिर्कोनियम व मोलिब्डेनम यांचा मिश्रधातू घेतला. तो सुमारे २,३५० अंशांपर्यंत वितळत नाही. जाळ्या टंगस्टनच्या केल्या. त्या लेसरने कोरणे जमेना, म्हणून आम्लाने कोरल्या. नेहमीच्या विद्युत्तारा तेथे वितळून गेल्या असत्या. म्हणून नायोबियमच्या तारा प्रयोगशाळेत तयार केलेल्या नीलमण्याच्या नळ्यांतून नेल्या. परीक्षेसाठी आयमॅक्स चित्रपटगृहांतील प्रक्षेपकांत फेरफार करून त्यांचा झोत प्याल्यावर धरला. फ्रान्समधील ओदेयो येथील दहा हजार आरशांच्या सौरभट्टीतही तो तापवून पाहिला.

सावलीतील यंत्रेही निकामी नव्हेत. सायकलवरून वेगाने जाताना सरळ पडणारा पाऊस तिरपा लागतो. त्याचप्रमाणे सूर्याजवळ यान इतके वेगाने धावते, की वारा कडेने आल्यासारखा भासतो आणि तेथील यंत्रांनाही सापडतो.

२८ एप्रिल २०२१ रोजी या यानाने प्रभामंडलाची वेस ओलांडून प्रथमच आत प्रवेश केला. या आणि यानावरील अन्य उपकरणांच्या मोजमापांवरून ते सिद्ध झाले. पार्कर २०२२ साली निवर्तले. ही वार्ता त्यांच्या हयातीत आली, हे भाग्यच. पुढे २४ डिसेंबर २०२४ रोजी यान सूर्यपृष्ठापासून केवळ ६१ लाख किलोमीटरवरून, ताशी सुमारे ६ लाख ९२ हजार किलोमीटर वेगाने गेले.

आपला देशही मागे नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी सुटलेले आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे पाहत आहे. त्यावर सौरवारा मोजणारे एक उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे, तर सूर्याची अतिनील छायाचित्रे घेणारी दुर्बीण आपल्या पुण्याच्या 'आयुका' संस्थेने सिद्ध केलेली आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस आम्ही एवढेच सांगतो, की प्रश्न विचारावयाचे सोडू नका. कोणी खाली बसविले तरी पुन्हा उभे राहा. आणि आम्हां वडीलधाऱ्यांनी चंद्रशेखरांचा कित्ता गिरवावा. मुलाचे म्हणणे पटलेच पाहिजे असे नाही. परंतु त्यातील चूक दाखविता येत नसेल, तर त्याची वाट अडविण्याचा अधिकार आपणांस नाही. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीकडे जेव्हा एखादा अर्ज न रुळलेल्या वाटेचे शिक्षण मागत येईल, तेव्हा हे स्मरावे.

१९९७ सालचा तो मुलगा आज कोठे असेल, ते आम्ही जाणत नाही. हे भाषण स्मरणिकेत छापले जाऊन त्याच्या वाचनात आले, तर त्याने एवढेच समजावे, की गुरुजींचे उत्तर फार उशिरा आले, पण आले.