लडाखच्या सहलीचा बेत
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



येत्या जूनअखेरीस आपल्यापैकी बारा जणींनी लडाखला जावे, तीन दिवस तेथील खेड्यांतून पायी हिंडावे आणि जुने बौद्ध मठ पाहावेत, असे घाटत आहे. या बेताची माहिती मी द्यावी, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी ते कबूल केले, ते काही मी मोठी प्रवासी आहे म्हणून नव्हे. सात वर्षांपूर्वी मी असाच एक बेत आखला होता आणि तो साफ चुकला होता. वाट चुकलेल्या माणसाला खाचखळगे जरा अधिक ठाऊक असतात, एवढाच माझा अधिकार!

त्या वेळी आम्ही घरच्या पाचजणी गेलो होतो. रजा मोजकी, हौस दांडगी. दिल्लीहून सकाळी विमानात बसलो आणि सव्वा तासात लेहला उतरलो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाईचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, ते १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी लेह वरच राहते! तेथे हवा विरळ. येथे एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या जेमतेम दोन तृतीयांश तेथे मिळतो. शरीराला त्याची सवय व्हायला काही दिवस लागतात. मी किती वेळ दिला? एक दुपार! संध्याकाळी बाजारात हिंडलो आणि दुसऱ्याच दिवशी पाच हजार तीनशे मीटरहून उंच असलेल्या खारदुंग खिंडीवर मोटारीने गेलो.

माझ्या धाकट्या जावेचे डोके पहिल्या रात्रीपासूनच दुखत होते. तिला जेवणही गेले नव्हते. पण ती कोणाला काही बोलली नाही. खरे सांगायचे तर माझेही डोके ठणकत होते आणि मीही बोलले नाही. खिंडीवरून परतल्यावर तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. रात्री उठून चालू लागली, तो तिचे पाऊल सरळ पडेना. इस्पितळात नेले, प्राणवायू लावला आणि दुसऱ्या दिवशी विमानाने तिला खाली आणले. मेंदूला सूज येऊ लागली होती. आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते, ते आजही मनात आणवत नाही.

डॉक्टरांनी तिला विचारले, “आधी का सांगितले नाही?” ती म्हणाली, “माझ्यासाठी सगळ्यांचा बेत मोडला असता.”

भगिनींनो, हे वाक्य कोणाच्या घरात ऐकू येत नाही? अंगात ताप असताना आपण पोळ्या लाटतो, पाहुणे जाईपर्यंत कंबरदुखी लपवतो आणि याला ‘सोशिकपणा’ असे गोड नाव देतो. घरात त्याचे कौतुक होते. डोंगर मात्र कौतुक करीत नाही. म्हणून यंदाचा बेत आखताना काय पाहावयाचे याच्या आधी शरीराला वेळ कसा द्यावयाचा, याचा विचार मी केला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आपण लेहपासून सुरुवात करावयाची नाही, लेहला शेवटी पोचावयाचे. विमानाने श्रीनगरला उतरावे. ते सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. दुसऱ्या दिवशी जोजी ला खिंड ओलांडून मोटारीने कारगिल गाठावे, तेथली उंची सुमारे २,७०० मीटर. वाटेत द्रासला १९९९ च्या युद्धात कामी आलेल्या जवानांचे स्मारक आहे, तेथे क्षणभर थांबून नमस्कार करावा. कारगिलला दोन रात्री काढून मग लामायुरूचा मठ पाहत अलचीला यावे. अलची सुमारे ३,१०० मीटरवर आहे. तेथेही दोन रात्री राहावे. अशा पायऱ्यापायऱ्यांनी वर गेले की शरीर कुरकुरत नाही. निघण्यापूर्वी रस्त्याची आणि तेथील एकंदर परिस्थितीची चौकशी मात्र अवश्य करावयाची.

अलचीचे मंदिरसमूह सुमारे आठ-नऊशे वर्षांपूर्वीचे आहेत. तेथील तीन मजली देवालयात भिंतींवर बोटभर उंचीच्या आकृतीही बारीक कुंचल्याने रंगविल्या आहेत. आत छायाचित्रे काढू देत नाहीत. ते बरेच आहे, डोळे भरून पाहणे तरी होते. या देवालयांची देखभाल लिकीर मठाचे भिक्षू करतात, आणि आपली पायवाट त्या लिकीरपासूनच सुरू होते.

पहिल्या दिवशी लिकीर ते यांगथांग, दुसऱ्या दिवशी हेमिस शुकपाचन, तिसऱ्या दिवशी तेमिसगाम. वाटेतल्या खिंडी चार हजार मीटरच्या आतल्या आहेत. रोजची चाल आपल्या पावलाने चार-पाच तासांची. आता या गावांना मोटाररस्ते झाले आहेत, त्यामुळे कोणी थकली तर गाडी बोलावता येईल. पट्टीचे गिर्यारोहक म्हणून या वाटेला नाके मुरडतात. मुरडोत बापडे!

मुक्काम गावकऱ्यांच्या घरी. सातूच्या शेतांमधली मातीची पांढरी घरे, बैठकीच्या स्वयंपाकघरात मांडलेली चकचकीत भांडी, जेवायला थुक्पा किंवा स्क्यू आणि वर लोणी-मिठाचा चहा. तो चहा म्हणून प्याल तर तोंड वाकडे होईल, सार म्हणून प्या, आवडेल. शौचकूप कोरडे असतात, वरून माती लोटावयाची. पाणी तेथे बर्फ वितळेल तेवढेच, तेव्हा बादल्या भरभरून अंघोळीचा हट्ट नको. पाळीच्या दिवसांतल्या वस्तू आणि प्लास्टिक कागदात बांधून परत आणावयाचे. लडाखात स्त्रियांची ‘आमा छोग्सपा’ म्हणून संस्था आहे, ‘आमा’ म्हणजे आई. प्लास्टिकच्या पिशव्यांविरुद्ध त्या बाया १९९० नंतरच्या दशकातच उभ्या राहिल्या. आपल्या मंडळाने त्यांच्या दारी कचरा टाकून येणे शोभणार नाही.

शेवटी लेह आणि हेमिसचा उत्सव. हेमिस शुकपाचन हे शुकपा झाडांच्या राईचे गाव निराळे, आणि लेहच्या आग्नेयेला असलेला मोठा हेमिस मठ निराळा. गाडीवाल्याशी बोलताना घोटाळा करू नका! गुरू पद्मसंभवांच्या जयंतीचा हा उत्सव तिबेटी पंचांगाप्रमाणे जून-जुलैमध्ये दोन दिवस चालतो आणि भिक्षू मुखवटे घालून नाचतात. तो तमाशा नव्हे, पूजा आहे. आपल्या आरतीत कोणी परका मध्ये येऊन उभा राहिला तर आपल्याला कसे वाटेल, एवढे ध्यानात ठेवावे.

असे चौदा दिवस होतात. त्यांपैकी दोन दिवसांपुढे मी काहीच लिहिलेले नाही. कोषाध्यक्षबाईंनी विचारले, “हे दोन दिवस फुकट कशाला?” बाई, तेच दिवस सर्वांत मोलाचे! कोणाला बरे नसेल तर तिच्यासाठी बाराहीजणी थांबतील, आणि त्यासाठी कोणाचा बेत मोडणार नाही.

आजपासून रोज तासभर चालण्यास आणि जिने चढण्यास आरंभ करा. डॉक्टरांकडून तपासून घ्या. उंचीसाठीची गोळी त्यांना विचारल्याखेरीज घेऊ नका. झोपेची गोळी तेथे नको. डोके दुखून मळमळू लागले तर त्या दिवशी वर चढावयाचे नाही. पाऊल अडखळले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो वा दिवस, लागलीच खाली उतरावयाचे. यात मतदान नाही.

एक काम मात्र मी आधीच वाटून टाकले आहे. रोज सकाळी चहाच्या वेळी प्रत्येकीला “डोके दुखते का?” असे विचारावयाचे आणि उत्तर वहीत लिहावयाचे. माझी धाकटी जाऊ पहिल्या रांगेत बसली आहे. डॉक्टरांचा होकार घेऊन ती यंदा पुन्हा येणार आहे. ती वही तिच्या हाती राहील. तिच्यापुढे कोणाची लपवाछपवी चालणार नाही, आणि सर्वांत आधी ती मलाच विचारणार आहे.

ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभेनंतर नावे द्यावीत. जुले! लडाखात नमस्कारही याच शब्दाने करतात आणि निरोपही याच शब्दाने घेतात.