उजेड पडला की उघडणारं औषध

दाभोळच्या खाडीकाठच्या कातळावरची हापूसची कलमं थंडी लागली की मोहोरतात, आणि मोहोराबरोबर तुडतुडे येतात. रस शोषतात, चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी धरते. मग बागेत पंप सुरू होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात पहिली फवारणी मोहोर येण्याआधीच सांगितलेली आहे. पुढच्या फवारण्या मोहोराची वाढ बघून. फवारलेल्यातलं किड्याच्या अंगी थोडंच लागतं. बाकीचं जमिनीवर ठिबकतं, वाऱ्यावर जातं किंवा उन्हात विरतं. कडुनिंबाच्या अर्काचं तर ऊन फार लवकर मातेरं करतं.

यावर उपाय म्हणून औषधाला डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्यांत कोंडतात. ही गोष्ट दुकानात आलेलीही आहे. लॅम्बडा सायहॅलोथ्रीनच्या डब्यावर ‘सीएस’ लिहिलेलं असलं, तर ते कुपीतलं औषध. पण ही कुपी आपल्या गतीने झिरपते, तिला वेळकाळ कळत नाही. म्हणून संशोधक आता उजेडाला दाद देणारा पडदा करू पाहताहेत. त्यातला एक नामी रेणू म्हणजे अ‍ॅझोबेन्झीन. एरवी तो लांबट, सरळ असतो; अतिनील किरण पडले की कोपरात हात दुमडावा तसा वाकतो, आणि निळ्या उजेडात किंवा अंधारात पुन्हा सरळ होतो. उजेडाने होणारा हा बदल हार्टले या रसायनशास्त्रज्ञाने 1937 साली दाखवला. पडद्याच्या छिद्रांपाशी असे रेणू बसवले की त्यांच्या हालचालीने वाट मोकळी होते आणि औषध बाहेर पडतं. हे अजून मुख्यतः प्रयोगशाळेतलं काम आहे.

मला त्यात एक अडचण दिसते. तुडतुड्याला सावली आवडते. जुन्या, दाट कलमात तो सालीच्या भेगांत बसतो, आणि तिथे अतिनील किरण पोचतात कुठे? जमिनीवर येणाऱ्या उन्हात ते मुळातच पाचेक टक्के, त्यातले बरेचसे वरची पानं गिळतात. म्हणजे औषध सुटणार शेंड्याला आणि कीड बुंध्याशी! शिवाय मोहोरावर माश्या-मधमाश्या येतात त्या दिवसाच. बागायतदाराला हवा असेल तर तो अंधारात उघडणारा पडदा. कुपीचं कवच प्लॅस्टिकचं असेल तर तो आणखी एक प्रश्न. युरोपीय संघाने 2023 मध्ये अशा सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध आणले आहेत.

फळमाशीपुरतं मात्र दापोलीने साधं उत्तर काढलेलं आहे: ‘रक्षक’ सापळा. त्यातलं मिथाईल युजेनॉल हळूहळू हवेत सुटतं, नर माश्या ओढून घेतं, आणि फळावर औषधाचा थेंब पडत नाही. फळमाशीपायीच 2014 च्या मे महिन्यात युरोपने आपला आंबा अडवला होता, तेव्हा या सापळ्याची किंमत पैशांत मोजू नये.

तुडतुड्यासाठी आधी मधल्या दाट फांद्या विरळ करून घ्या, उजेड आत येऊ द्या. आणि दुकानदाराने सीएसचा डबा पुढे केलाच, तर आंब्यासाठी त्याची शिफारस आहे का, हे लेबलावर वाचूनच पैसे द्या.