बाही बदला, ब्लाऊज तोच ठेवा

मी रायपूरच्या चौबे कॉलोनीतून बोलतोय. महाराष्ट्र मंडळ आमच्या याच वस्तीत असल्यामुळे इथं मराठी रोज कानावर पडतं. निवृत्त फौजी शिवणकामावर काय बोलणार, असं काहींना वाटेल. पण आजच्या बाहीचं नावच एका सेनापतीवरून पडलं आहे.

१८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत फिट्झरॉय सॉमरसेट या ब्रिटिश अधिकाऱ्याचा उजवा हात गेला. पुढे तोच लॉर्ड रॅगलान म्हणून क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश फौजेचा प्रमुख होता. हात गमावलेल्या या माणसाला कोट सहज चढवता यावा म्हणून वेगळी बाही बेतली गेली, असं सांगतात. तिला रॅगलान बाही म्हणतात. त्याच युद्धानं कार्डिगन हे नाव दिलं, आणि आपल्या माकडटोपीला इंग्रजीत बॅलक्लाव्हा म्हणतात तेही तिथल्याच गावावरून.

आपल्या नेहमीच्या बाहीची शिलाई खांद्याच्या टोकावरून मुंढ्याभोवती गोल फिरते. रॅगलानची शिलाई गळ्यापासून तिरपी काखेत उतरते, म्हणजे खांद्याचा भाग बाहीतच येतो. या फरकाचं मोल मला आमच्या वहिनींमुळे कळलं. सत्तरी ओलांडलेल्या वहिनींचा दंड मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. ब्लाऊज घालायला रोज सुनेला हाक मारावी लागे. बोलल्या काही नाहीत, पण हळदीकुंकवाला जाणं बंद झालं. दिवसभर गाऊनवर राहू लागल्या. दुखणं हाताचं होतं, पण घराबाहेर पडणं बाहीनं अडवलं होतं.

उपाय त्यांच्या मापाच्या जुन्या बेतातूनच निघाला. कसा, ते सांगतो. मूळ बेत कापू नका. ब्राऊन पेपरवर पुढचा भाग, मागचा भाग आणि बाही शिलाईच्या रेषेवर उतरवून घ्या. माया शेवटी सोडायची.

आता पुढच्या भागावर, खांद्याच्या शिलाईपासून एक इंच खाली, गळ्याच्या कडेवर खूण करा. दुसरी खूण मुंढ्यावर, काखेपासून साधारण तीन इंच वर. दोन्ही खुणा किंचित बाकदार रेषेनं जोडा. मागच्या भागावरही तसंच. बाहीच्या दोन्ही बाजूंना काखेपासून तेवढ्याच अंतरावर खुणा हव्यात.

या रेषांवर कापलं की खांद्याचे दोन तुकडे सुटतात. ते बाहीच्या माथ्याला जोडायचे: पुढचा पुढे, मागचा मागे, खूण खुणेला, खांद्याची टोकं माथ्याच्या मध्याजवळ. मध्ये बारीक फट राहिली तर खाली कागद चिकटवून भरा. दोन तुकड्यांमध्ये गळ्याच्या दिशेनं जी पाचर उघडी राहते, तिथं टक शिवायचा. त्यानंच बाहीला खांद्याचा आकार येतो. तो विसरलात तर खांद्यावर कापड फुगून उभं राहील.

आता टेप घ्या. बाहीची तिरपी कड आणि अंगाची तिरपी कड सारखी भरली पाहिजे. फरक असेल तर कागदावरच दुरुस्त करा. बाहीचा मध्य कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवा. तिरप्या कडा उरेब असतात, ओढल्या की लांबतात, म्हणून शिवण्याआधी त्यांच्यावर आतून बारीक फीत टाचून घ्या.

वहिनींसाठी आम्ही एक गोष्ट जास्त केली. दुखऱ्या बाजूची पुढची तिरपी शिलाई गळ्यापासून काखेपर्यंत उघडीच ठेवली. दोन्ही कडांना एकेक इंच जास्त कापड, आतून पट्टी आणि वर टिचबटणं. हुकांऐवजी मोठी टिचबटणं घेतली, कारण ती एका हातानं लागतात. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. हात वर न्यावा लागतच नाही. पदराखाली ती पट्टी दिसतही नाही.

पहिला ब्लाऊज जुन्या सुती साडीच्या कापडाचा शिवा. घालून बसा, वाका, पाण्याचा पेला तोंडाशी न्या. कुठं ओढतंय ते तेव्हाच कळतं. मगच कोशाच्या कापडाला कात्री लावा. कोसा आमच्या छत्तीसगडचा अभिमान, पण स्वस्त नाही.

संक्रांतीला वहिनी स्वतःच्या हातानं तयार होऊन मंडळात गेल्या. सुनेला हाक मारली, ती फक्त निऱ्या नीट करायला.

आपल्या घरात अशी कुणी असेल, तर तिला ‘गाऊनच बरा’ असं सांगण्याआधी एकदा विचारा, कपडा नेमका कुठं अडतो. बहुतेक वेळा उत्तर मुंढ्यातच सापडेल. आणि मुंढा कागदावर बदलायला एक संध्याकाळ पुरते.