जबाबदारी एकाची, देखरेख गावाची
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



घर पाहावे बांधून म्हणतात, ते मंदिरालाही लागू आहे. नवा सभामंडप पहिल्याच पावसाळ्यात गळू लागला, की चूक कोणाची हा प्रश्न निघतो. नकाशा करणारा म्हणतो, काम बिघडविले. ठेकेदार म्हणतो, नकाशाच तसा होता. या वादात पैसा बुडतो तो हळदीच्या पट्टीतून वर्गणी देणाऱ्याचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत होते.

यावर एक उपाय म्हणजे आराखडा व बांधकाम ही दोन्ही कामे एकाच करारात एकाच्या अंगावर टाकणे. ही रीत परकी नव्हे. पूर्वी मंदिराचे माप ठरविणारा सूत्रधारच पाथरवटांकडून काम करून घेई. औंढा नागनाथच्या मंदिराचा खालचा दगडी भाग पाहावा. हेमाडपंती बांधणीत चुन्यावाचून दगडात दगड बसतो. मांडणी करणारा आणि जुळविणारा यांची फारकत झाली, तर ते काम साधणार नाही.

पुढे सरकारी कामात दोन वाटा झाल्या. 'बी-१' नमुन्याच्या निविदेत नकाशा व अंदाजपत्रक खाते करते. ठेकेदार टक्केवारीने दर भरतो. आता मोठ्या कामांत जुनी रीत परत आली आहे. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग १६ भागांत विभागून ई. पी. सी. पद्धतीने बांधला गेला. तपशीलवार आराखडा, साहित्य व बांधकाम हे सारे त्या त्या ठेकेदाराकडे होते. २०२५ च्या जूनमध्ये तो संपूर्ण खुला झाला.

मात्र या पद्धतीत धोकाही आहे. नकाशा करणारा ठेकेदाराचाच माणूस असतो, आणि रक्कम ठोक ठरली की लोखंड-सिमेंटात बचत करण्याचा मोह होतो. म्हणून मंदिर समितीने काही पथ्ये पाळावीत. किती माणसे बसणार, पाणी कोणीकडे काढणार, कोणत्या जुन्या दगडाला हात लावायचा नाही, हे करारापूर्वी लिहून द्यावे. मागाहून बदल सांगू नयेत. खर्च तेथेच वाढतो. नकाशा व काम तपासण्यास तिऱ्हाईत अभियंता नेमावा आणि त्याचा मेहनताना समितीने स्वतः द्यावा. काम पाहून हप्ता द्यावा व काही रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावी.

जुन्या गाभाऱ्याची गोष्ट वेगळी. भिंत उकलल्याशिवाय आतील झीज कळत नाही. तेथे ठोक ठेका देऊ नये, मोजमापानेच काम करावे. एकहाती करार नव्या सभामंडपास शोभतो.

देणगीदाराचे नाव शिळेवर कोरले जाते. ती शिळा ज्या भिंतीत बसते, तिचा जाब देणारा माणूसही करारात ठळकपणे लिहिलेला असावा. हीच देणगीची खरी पावती होय.

॥ शुभं भवतु ॥