नदीवरील जुगार आणि काठावरील गाव

(पंचायत व पालिका सदस्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



सायंकाळच्या वेळी मांडवीच्या काठाने पणजीत प्रवेश करणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीस प्रथम पडतात ते नदीच्या पात्रात नांगरलेल्या जहाजांवरचे दिवे. ही जहाजे माल उतरवीत नाहीत की परगावचा प्रवास करीत नाहीत. धक्क्यावरून लहान होड्या माणसे भरून तेथवर नेतात आणि उत्तररात्री त्यांना परत आणून सोडतात. अशी सहा जहाजे तेथे आहेत आणि त्या सहाही जहाजांवर जुगार चालतो. त्यांचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. शासनाच्या तिजोरीला एवढे उत्पन्न दुसरे कोण देणार, असे एक मत. जुगाराने समाज बुडतो, असे दुसरे. दोहोंत तथ्यांश आहे. तथापि गावचा कारभार पाहणाऱ्या सभासदास यांपैकी कोणत्याही मताचा फारसा उपयोग होत नाही. त्याने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: हा पैसा कोठून येतो, आणि आपल्या गावात तो किती वेळ थांबतो?

जुगारावर राज्यसंस्थेने नियंत्रण ठेवावे आणि त्यातून महसूलही मिळवावा, ही कल्पना नवी नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला आहे. खेळ एका ठरावीक जागीच व्हावा आणि जिंकलेल्या रकमेचा शेकडा पाच भाग राजाचा, असा त्याचा नियम. द्यूताने घरे कशी उद्ध्वस्त होतात हे ऋग्वेदातील अक्षसूक्ताने त्याच्याही पूर्वी सांगून ठेवले होते, आणि महाभारताविषयी तर मराठी माणसास काही सांगावयास नकोच. म्हणजे बंदी आणि कर या दोन वाटांमधील ओढाताण जुनीच आहे.

आधुनिक काळात १९७६ हे साल या दृष्टीने मोठे विलक्षण ठरले. त्या वर्षी गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार अधिनियम झाला. त्याचा हेतू जुगारास आळा घालणे हा होता. त्याच वर्षी शेजारच्या महाराष्ट्राने कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. तो अमलात मात्र कधीच आला नाही, आणि २०२३ साली तो रद्द करण्याचा निर्णय तेथील मंत्रिमंडळाने घेतला. आणि त्याच १९७६ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या मतदारांनी अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या शहरात कॅसिनो उघडण्यास कौल दिला. बंदी घालणारे गोवे पुढे परवाना देणारे झाले आणि परवान्याचा कायदा करणारे महाराष्ट्र कोरडे राहिले, हा योगायोग मौजेचा खरा. गोव्याच्या अधिनियमात १९९२ साली कलम १३-अ घालण्यात येऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांची वाट मोकळी झाली; १९९६ च्या दुरुस्तीने जहाजावर पट मांडून खेळण्यास मुभा मिळाली. मांडवीतील जहाजांचे कायदेशीर मूळ ते हेच.

आता पैशाकडे वळू. रूलेट नावाच्या खेळात एक चक्र फिरते. त्यावर शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस घरे असतात. एका घरावर लावलेला रुपया जिंकला, तर पस्तीस रुपये मिळतात आणि मूळचा रुपया परत येतो. एखाद्याने सदतीसही घरांवर प्रत्येकी शंभर रुपये लावले, तर त्याचे ३,७०० रुपये पटावर जातात आणि चक्र कोठेही थांबो, त्याच्या हाती ३,६०० रुपयेच येतात. उरलेले शंभर चालकाचे. शेकडा २.७ हा वाटा दिसावयास लहान आहे. पण चक्र तासाभरात अनेक वेळा फिरते, आणि जिंकलेली रक्कमही बहुधा पुन्हा पटावरच येते. चालकास लबाडी करण्याची आवश्यकताच नसते. गणित त्याच्या बाजूचे असते. तेव्हा दीर्घकाळ खेळणाऱ्या समुदायाकडून चालकाकडे पैसा जाणार हे निश्चित धरूनच पुढचा हिशेब मांडावयास हवा.

हा समुदाय कोणाचा, यावर सारे अवलंबून आहे. दिल्लीचा, हैदराबादचा वा सुरतेचा पाहुणा येथे दहा हजार रुपये हरून गेला, तर गोव्याच्या दृष्टीने ती बाहेरून आलेली रक्कम होय. म्हापशाच्या कारकुनाने तेच दहा हजार गमावले, तर बाहेरून काहीच आले नाही. ते पैसे एरवी शुक्रवारच्या बाजारात गेले असते, किराणा दुकानदाराच्या उधारीत वळते झाले असते, मुलाच्या शिकवणीस लागले असते. दुकानदाराने ते पुढे सुताराला दिले असते. जुगाराच्या पटाने ही साखळी मध्येच तोडली, एवढाच काय तो फरक. हानी येथेच थांबत नाही. हरलेल्या रकमेमागून कर्ज येते, कर्जामागून घरातील सोने गहाण पडते, आणि त्याचा भार ज्या गृहिणीवर पडतो तिचे नाव कोणत्याही महसूल-पत्रकात येत नाही.

म्हणून स्थानिकांना कॅसिनोत मज्जाव असावा, ही मागणी नीतीइतकीच अर्थशास्त्राचीही आहे. गोव्याने तशी तरतूद २०१२ साली कायद्यात केली. तिची अंमलबजावणी होण्यास मात्र १ फेब्रुवारी २०२० हा दिवस उजाडावा लागला. राज्य कर आयुक्तांकडे गेमिंग आयुक्ताचे अधिकार देण्यात आले तेव्हा. मधली आठ वर्षे दीर्घच म्हणावी लागतील. सिंगापूरने २०१० साली दोन कॅसिनो उघडताना निराळा उपाय योजला. परदेशी पाहुण्यास प्रवेश विनामूल्य, आणि स्वतःच्या नागरिकास एका दिवसाचे शंभर डॉलर. २०१९ पासून दीडशे. शिवाय घरातील मंडळींना अर्ज करून आपल्या माणसाचा प्रवेश बंद करविता येतो. ही दुसरी तरतूद विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण घर कोणत्या क्षणी बुडू लागले हे शासनाच्या कितीतरी आधी घरालाच कळते.

बाहेरचाच पैसा येतो असे क्षणभर मानले, तरी तो गावात थांबतो काय? जहाजावर जाणाऱ्या पाहुण्याने भरलेल्या प्रवेशमूल्यात बहुधा जेवण, पेय आणि करमणूक यांचा समावेश असतो. खेळणारा उठून बाहेर जाऊ नये, हा त्यामागील व्यावसायिक हिशेब; तो चालकाच्या बाजूने योग्यही आहे. परंतु काठावरच्या खाणावळीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की गावात आलेले गिऱ्हाईक जेवणवेळेस नेमके नदीत असते. हॉटेलातील खोली, टॅक्सी, मोटारसायकलवाला पायलट यांना काम मिळते हे नाकारता येणार नाही. जहाजांवर शेकडो हातांना रोजगार आहे, हेही खरे. त्यांतील बरेच तरुणतरुणी ईशान्येकडील व अन्य राज्यांतून आलेले असतात. ती मंडळी येथे घरभाडे भरतात, बाजारहाट करतात आणि उरलेला पगार गावी धाडतात. गोवेकरानेही आखातात व बोटीवर राहून पिढ्यानपिढ्या हेच केले, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त ‘स्थानिक रोजगार’ हा शब्द वापरताना आकडा नीट तपासावा.

करांची गोष्ट थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळणाऱ्याने टोकनांसाठी मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के करण्यात आला. तो केंद्र व राज्य यांच्यात निम्मा निम्मा विभागला जातो. परवाना शुल्क राज्याचे. पालिकेकडे या कराचा कोणताही हिस्सा थेट येत नाही. गाड्यांची दाटी, धक्क्यावरची गर्दी, कचरा आणि उत्तररात्रीचा गोंगाट मात्र पालिकेच्याच हद्दीत राहतो. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. एवढ्याशा शहराने किती वाहने सोसावयाची? उत्पन्न एका दप्तरात आणि भार दुसऱ्या दप्तरात, अशी विभागणी झाली की दोन्ही दप्तरे आपापल्या परीने खरे बोलतात आणि तरीही चित्र चुकीचे उभे राहते.

अटलांटिक सिटीचा अनुभव येथे विस्ताराने पाहण्यासारखा आहे. तेथील पहिला कॅसिनो मे १९७८ मध्ये उघडला. करातून वृद्ध व अपंग यांच्यासाठी निधी उभारण्यात आला. हजारोंना नोकऱ्या लागल्या. परंतु मोठमोठ्या इमारतींत निवास, भोजन, दुकाने असे सारेच एका छपराखाली असल्याने पाहुणा गावात उतरेचना, आणि गावातील स्वतंत्र उपाहारगृहे कमी होत गेली. समुद्रकिनाऱ्यावर रोषणाई आणि दोन गल्ल्या आत ओसाड भूखंड, हे दृश्य तेथे कित्येक वर्षे राहिले. पुढे २००६ पासून शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्याने कॅसिनो उघडले आणि गिऱ्हाईक घराजवळच खेळू लागले. एकट्या २०१४ सालात बारांपैकी चार कॅसिनो बंद पडले, सुमारे आठ हजार माणसे कामावरून गेली, आणि २०१६ साली शहराचा आर्थिक कारभार राज्याला हाती घ्यावा लागला. शेजाऱ्याने दुकान थाटले म्हणजे आपले दुकान उठते, हे कोणत्याही वाण्यास ठाऊक असते. शहराच्या नियोजनात मात्र ते धरलेले नव्हते. गोव्याचा आजचा लाभ पुष्कळसा शेजारच्या राज्यांनी हे दार बंद ठेवल्यामुळे आहे.

मकावशी तर गोव्याचे जुने नाते. १८४४ पर्यंत तेथील कारभार गोव्याच्या गव्हर्नराकडे होता. तेथे जुगारास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मान्यता आहे, आणि २००२ साली एकाधिकार संपल्यावर चारच वर्षांत त्या नगराने लास वेगासलाही मागे टाकले. पटावर पत्ते वाटण्याची नोकरी तेथे स्थानिकांसाठीच राखीव असते. २००८ पासून शासन दरवर्षी रहिवाशांना रोख रक्कम वाटते. यापेक्षा उदार व्यवस्था शोधून सापडणार नाही. पण चांगल्या पगाराची नोकरी शाळेच्या दाराशीच उभी राहिल्याने पुढे शिकण्याची ओढ मंदावली, ही तक्रार तेथीलच लोक करीत आले आहेत. आणि २०२० च्या साथीत कॅसिनोंचे उत्पन्न एका वर्षात जवळजवळ चार पंचमांशांनी घटले. गोव्यातील जहाजेही त्या वर्षी मार्चपासून ऑक्टोबरअखेर बंदच होती.

एकाच धंद्यावर विसंबण्याचा अर्थ गोव्याला अन्य कोणी समजावून देण्याची गरज नाही. २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील ट्रकमालकांवर जो प्रसंग आला तो येथे बसलेल्या अनेकांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. दक्षिण कोरियात असेच घडले होते. तेथील कांगवन प्रांतातील कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर १९९५ साली विशेष कायदा करून, २००० साली खाणगावांच्या डोंगरात कॅसिनो उघडण्यात आला. कोरियन नागरिकास प्रवेश असलेला त्या देशातील तो एकमेव कॅसिनो. नोकऱ्या आल्या, रस्ते झाले. आणि पायथ्याच्या गावात गहाणवटीची दुकाने ओळीने उभी राहिली. त्यांच्या अंगणात पाहुण्यांनी गहाण टाकून सोडून दिलेल्या मोटारी धूळ खात पडल्या. खाणकामगारांचे गाव वाचविण्यासाठी काढलेल्या धंद्याने त्या गावास सावकारीचे रूप दिले, हे योजनाकारांच्या मनातही आले नसेल.

मांडवीतील जहाजे अन्यत्र हलविण्याचा विचार अनेकदा झाला आणि त्यांना अनेकदा मुदतवाढही मिळाली. ती उद्या जमिनीवर आली, तर ज्या पंचायतीच्या हद्दीत येतील तिच्यापुढे ना-हरकत दाखल्याचा अर्ज येईल. अर्जासोबत रोजगाराचा आकडा असेल, तो मोठा असेल. त्यावेळी सभासदाने चार गोष्टी लेखी मागाव्यात: नोकऱ्यांपैकी किती त्याच तालुक्यातील माणसांना, आणि कोणत्या पगारावर, भाजी, मासळी, दूध, धुलाई यांची खरेदी कोणाकडून, पाणी, कचरा व रस्ता यांचा वार्षिक खर्च कोण सोसणार, आणि धंदा बंद पडल्यास त्या इमारतीचे काय. चौथ्या प्रश्नाचे उत्तर सहसा तयार नसते. ते मिळेपर्यंत अर्ज पुढील सभेपर्यंत ठेवण्यात काहीही गैर नाही.

दुपारच्या सत्रात याच धर्तीवर एक नमुना-हिशेब मांडून पाहावयाचा आहे. नदीकाठच्या प्रभागांतील सदस्यांनी आपल्या भागातील खाणावळी, भाड्याच्या खोल्या आणि पायलट यांची स्थूल संख्या जेवणाच्या सुटीत लिहून काढावी. खाणपट्ट्यातील सदस्यांनी २०१२ नंतर आपल्या गावात बंद पडलेल्या दुकानांची यादी करावी. दोन्ही कागद शेजारी ठेवूनच चर्चेस आरंभ होईल.