एका उलथन्याचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळ व ज्येष्ठ नागरिक यांच्या एकत्रित कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा सेक्रेटरी साहेबांना वाटलं असावं, बँकेतला माणूस आहे, ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र यावर बोलेल. ते विषय महत्त्वाचे आहेतच. पण त्यावर मी दर वार्षिक सभेत बोलतो आणि दर वेळी मागच्या दोन रांगा चहाला उठून जातात. म्हणून आज विषय बदलला आहे. आज उलथन्यावर बोलणार आहे.

हसलात, ठीक आहे. आधी नावाचंच बघा. आमच्या घरी उलथनं. तळमजल्यावरच्या काकू कालथा म्हणतात. नागपूरकडच्या वहिनी आल्या तेव्हा त्यांनी आमच्याकडे सराटा मागितला आणि मी त्यांना बागेतलं खुरपं नेऊन दिलं. वस्तू एकच, रोज हातात, आणि घेताना मात्र आपण दुकानदार देईल ते घेतो. मीही तसंच करत होतो. म्हणजे खरं सांगायचं तर मी घेतच नव्हतो, घरात ते असायचंच.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या सौ. मागच्या अंगणात शेवाळावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मुलं लांब, आणि मला चहापलीकडे काही येत नव्हतं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी स्वयंपाकघरात प्रोबेशनवर रुजू झालो. साहेब खुर्चीत बसलेल्या, हात गळ्यात, आणि तोंडाने सूचना.

पहिल्याच आठवड्यात घावन केले. घावनाचं पीठ ताकासारखं पातळ, बिडाचा तवा चांगला तापलेला, तेल नारळाच्या शेंडीने फिरवलेलं, हे सगळं त्यांनी सांगितलं तसं केलं. पण उलथताना प्रत्येक घावनाच्या चिंध्या. चार झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, हाताला दोष देऊ नका, उलथनं बदला." मी पोह्यांचं, जाड कडेचं घेतलं होतं. घावनाखाली शिरायला कड पातळ लागते, नाहीतर ती खाली जात नाही, ढकलत जाते. आणि घावनाची कड आपोआप सुटल्याशिवाय कुठलंही उलथनं कामाचं नाही, हे दुसरं.

तेव्हापासून मी या विषयात पडलो. नेरळला आणि कर्जतला गेलो की भांड्यांच्या दुकानात उभा राहू लागलो. दुकानदार कंटाळले असतील, पण काही गोष्टी कळल्या.

स्टीलचं उलथनं घेताना ते काचेच्या काउंटरवर पालथं ठेवा. पुढची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेकली पाहिजे. मधे उजेड दिसला तर ते तव्यावरही तसंच राहणार. मग कड काचेवर जरा दाबा. किंचित वाकून परत सरळ झाली तर चांगलं. अजिबात वाकत नाही ते जाड, वाकून तसंच राहतं ते पत्र्याचं. दांडा आणि पातं जिथे जोडलंय तिथे नखाने चाचपून बघा. फट असेल तर त्यात पिठलं बसणार आणि तुम्ही कितीही घासा, ते तिथेच राहणार. दांड्याच्या कडा हाताला कापतात का, तेही मूठ आवळून बघायचं. नुसतं धरून कळत नाही.

लोहचुंबक लावून स्टील तपासणारे पुष्कळ आहेत. मीही खिशात चुंबक घेऊन फिरलो. चिकटला नाही म्हणजे उत्तम स्टील, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. आपण 304 म्हणतो त्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही. तेव्हा चुंबकावर कर्ज मंजूर करू नका.

आता भांडं कुठलं, यावर उलथनं ठरतं. लोखंडाची कढई, बिडाचा तवा, यांना स्टील किंवा लोखंड चालतं. हिंडालियमच्या कढईत स्टीलचं खरडलंत तर भांडं झिजतं आणि ती करडी झीज भाजीत जाते. आपल्या आज्या पितळेच्या पातेल्यात लाकडी डाव किंवा करवंटीची डवली का वापरायच्या? आत कल्हई असायची. कल्हई म्हणजे कथील, मऊ धातू, 232 अंशाला वितळणारा. लोखंडाने दोन महिन्यांत निघून गेली असती आणि कल्हईवाला काही रोज दारात येत नव्हता. मला वाटायचं लाकडी डाव ही गरिबी. तो हिशेब होता.

तोच हिशेब आज नॉनस्टिकला. लाकूड किंवा सिलिकॉन, धातू नाही. आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसू नका. 260 अंशांच्या वर तो लेप बिघडायला लागतो, तिथे उलथनं कितीही मऊ असून उपयोग नाही.

लाकडाची एक अडचण आपल्या कळंबला जास्त. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत लाकडी उलथनं रात्रभर सिंकमध्ये भिजत राहिलं तर आठ दिवसांत बुरशी. धुवा, लगेच पुसा, उभं ठेवा, ऊन पडलं तर उन्हात. चीर गेली की चुलीत. आमच्याकडे चूल नाही, पण तुम्हाला कळलं.

काळ्या प्लास्टिकचं उलथनं आमच्याकडेही होतं. कढईच्या काठावर टेकवून मी दार उघडायला गेलो, परत येईपर्यंत त्याची कड मऊ होऊन लोंबत होती. ते त्याच दिवशी टाकलं. पुढे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरला, काळं प्लास्टिक विष आहे, आजच फेका. त्यामागे अभ्यास होता, तो 2024 मध्ये केमोस्फिअर या नियतकालिकात आला. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्लास्टिक पुन्हा वापरल्यामुळे काही काळ्या भांड्यांत आग रोखणारी रसायनं सापडली होती. एका रसायनाबद्दल लिहिलं होतं की रोज अंदाजे 34,700 नॅनोग्रॅम पोटात जाईल आणि 60 किलोच्या माणसाची मर्यादा 42,000 आहे. म्हणजे जवळजवळ काठावर. पण मर्यादा किलोला 7,000. साठ साते किती? 4,20,000. एक शून्य खाल्लं होतं! कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे जो श्वार्झ यांनी ते दाखवून दिलं आणि डिसेंबरमध्ये नियतकालिकाने दुरुस्ती छापली. लेखकांचं म्हणणं असं की मूळ निष्कर्ष बदलत नाही, अशी रसायनं तिथे नकोतच. तेही खरं. मी काळं प्लास्टिक परत आणलं नाही, पण ते वितळतं म्हणून. चाळीस वर्षं दुसऱ्यांची शून्यं तपासली, त्यामुळे हा किस्सा मला सांगावासा वाटला, एवढंच.

आता मूळ गोष्ट. प्लास्टर निघालं. व्यायाम झाले. सौ. परत स्वयंपाकघरात आल्या. मी खूश, माझी बदली झाली असं समजून. पण हळूहळू लक्षात आलं की घरात घावन होत नाहीत. थालीपीठ नाही. मासे तळलेले नाहीत, कालवणच. विचारलं की "कंटाळा आलाय". एक दिवस मी दारात उभा होतो आणि त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी उलथनं उचललं, तव्यावरच्या भाकरीखाली घातलं आणि ते हातातून फिरून ओट्यावर पडलं. त्यांनी ते उचलून धुतलं आणि भाकरी बोटांनी उलटली. चटका बसला असणार. काही बोलल्या नाहीत. मीही मागे फिरलो.

रात्री ते उलथनं काट्यावर ठेवलं. 210 ग्रॅम. दांडा चपटा, पेन्सिलीएवढा जाड. दुखऱ्या मनगटाला चपटा दांडा फिरायला वेळ लागत नाही. डाव्या हातासाठी लाकडी आणून बघितलं, तर त्याची कड तिरपी, उजव्या हाताच्या लोकांसाठी कापलेली. डाव्यात धरलं की एकच कोपरा टेकतो. ही गोष्ट मला चौऱ्याहत्तर वर्षांत कोणी सांगितली नव्हती. इथे कोणी डावखुरे असतील तर सरळ कडेचंच घ्या.

शेवटी गावातल्या लोहाराकडे गेलो. कोयते, विळे करणारा माणूस. त्याला पातळ स्टीलचं एक साधं पातं दिलं, दांडा अर्धा कापायला सांगितला आणि वर लाकडाची जाड गोल मूठ बसवायला सांगितली, कोयत्याला असते तशी, पण हलकी. तो म्हणाला, "साहेब, उलथन्याला कोयत्याची मूठ?" म्हटलं, बसव. दोनदा परत गेलो. पहिल्या वेळी मूठ फार लांब झाली, मागे वजन जाऊन ते तव्यातून उलटून पडायचं. दुसऱ्या वेळी जमलं. 130 ग्रॅम.

घरी ते काही न बोलता नेहमीच्या खिळ्याला अडकवलं. तीन दिवस तसंच होतं. चौथ्या दिवशी सकाळी पेपर वाचत होतो, आतून बिडाच्या तव्यावर पीठ पडल्याचा तो चर्र आवाज आला. उठलो नाही. सात घावन झाले, पहिला फाटला. तो माझ्या ताटात आला, आणि वर ऐकायला मिळालं, "मूठ चांगली आहे, पण कड अजून पातळ करून आणा."

उद्या लोहाराकडे जायचं आहे. कोणाला काही करून घ्यायचं असेल तर मला सकाळी दहाच्या आत सांगा.