काटा हलला म्हणजे गाडी तापली असं नाही

आजचा भाग पिकअपवाल्यांसाठी. गाडी स्वतःची असो, काकाची असो, नाहीतर हप्त्यावर नवीन घेतलेली असो.

यावल तालुक्यातल्या एका पोराचा मेसेज आलाय. केळी भरून नाशिकला जातो. म्हणतो, "दादा, पारोळ्यापर्यंत काटा मध्ये असतो, लळिंगच्या चढाला वर सरकतो, मालेगावला परत मध्ये येतो. गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर बदल. काय करू?" हप्ता चालू असलेल्या पोराला रेडिएटरचा खर्च म्हणजे महिन्याची कमाई गेली. पण खरोखर बिघाड असेल आणि तसंच दामटलं, तर हेड गॅस्केट जाईल आणि माल उन्हात पिकत पडेल. म्हणून सवयीचा चढउतार कोणता आणि धोक्याचा कोणता, हे ओळखायला शिकू या.

आधी कामकाज समजून घ्या. इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये थर्मोस्टॅट असतो, आपल्याकडे त्याला वॉल म्हणतात. इंजिन थंड असलं की तो बंद, कूलंट इंजिनातच फिरतं. साधारण ८० ते ९० डिग्रीच्या दरम्यान तो उघडायला लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. थंड कूलंट आत आलं की तो थोडा मिटतो, तापलं की परत उघडतो. म्हणजे दिवसभर त्याची उघडझाप चालूच. तापमान एका आकड्यावर खिळून राहावं अशी ही व्यवस्थाच नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत ८० ते १०० च्या दरम्यान खाली-वर होणं हे रोजचंच. तुमच्या गाडीची नेमकी मर्यादा मात्र मॅन्युअलमध्ये बघा.

आता आपल्या खान्देशचं ऊन धरा. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती कूलंट आणि हवा यांच्यातल्या फरकावर. जानेवारीत हवा १५ डिग्री, कूलंट ९०, फरक ७५ चा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला हवा ४५, कूलंट तेच ९०, फरक उरला ४५. म्हणजे तोच रेडिएटर, तोच वारा, पण उष्णता टाकायची ताकद पाचात तीनच. त्यात माल भरलेला, एसी चालू, दुसऱ्या गिअरवर चढ. इंजिन जोर जास्त लावतंय आणि गाडीचा वेग कमी, म्हणून समोरून वाराही कमी. काटा वर सरकणारच!

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मी फोनवर आकडे बघतो. बीएस-६ गाडीत स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथचा छोटा स्कॅनर लावला की कूलंटचा खरा आकडा दिसतो. सपाटीला ८८-९०, घाटात ९७-९८, माथ्यावर पोचलं की पाच-सात मिनिटांत परत ९०. उतरताना तर ८५ च्याही खाली. बऱ्याच नव्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. आकडा आत दहा-पंधरा डिग्री हलला तरी काटा मधेच. म्हणून अशा गाडीत काटा हलला तर जास्त लक्ष द्या. जुन्या गाडीत तो जरा मोकळेपणाने हलतो.

अजून एक गंमत. चढ चढून आलात आणि लगेच गाडी बंद केली, की आकडा उतरायच्या ऐवजी चढतो. पंप थांबला, कूलंट जागेवर, पण धातू तापलेलाच. म्हणून घाट चढल्यावर दोन-तीन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवा, मग बंद करा.

मग धोका कधी? कारण संपलं तरी काटा उतरत नाही, तेव्हा. चढ संपला, सपाट रस्ता आहे, वारा लागतोय, आणि तरी आकडा वाढतोच आहे, तर थांबायचं. कूलंटच्या बाटलीतली पातळी दर आठवड्याला कमी होते, तर कुठेतरी गळती आहे. गोडसर वास, ऑइलला दुधासारखा रंग, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर, यातलं काहीही दिसलं तर गाडी पुढे नेऊ नका. आणि वर गेलेला काटा एकदम खाली पडला तर खूश होऊ नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला की तो खोटं सांगतो.

रेडिएटर बदलायच्या आधी त्याच्या जाळीत बघा. आपल्याकडे कापसाचं तूस आणि काळ्या मातीची धूळ तिथे अशी बसते की वाराच आत जात नाही. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने धुवा. मग फॅन, बेल्ट, झाकणाचं रबर तपासा. मेसेजवाल्या भावाला माझं उत्तर हेच. मालेगावला काटा आपोआप मध्ये येतोय आणि पातळी कमी होत नाहीये, तर आधी धुऊन बघ.

दोन गोष्टी मात्र करू नका. उन्हाळ्यात वॉल काढून टाकायचा सल्ला मिळतो. वॉल काढला की इंजिन नीट तापत नाही. धुळ्याच्या थंडीत पहाटे ते थंडच पळतं, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. दुसरं, बोअरचं जड पाणी रेडिएटरात ओतू नका. क्षार आत थर धरतात. कूलंट नाहीतर डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

रस्त्यात आकडा चढत राहिला तर एसी बंद, हीटर असेल तर फुल चालू. घाम फुटेल, पण तो छोटा रेडिएटरच आहे. सावलीत गाडी लावा. कूलंट बाहेर येत असेल तर इंजिन लगेच बंद. आणि गरम झाकण कधीच उघडायचं नाही, कितीही घाई असो. झाकण सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवतं, त्या दाबाला पाणी १२० च्या आसपास उकळतं. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि १०० च्या वरचं पाणी एकदम उसळून वाफेसकट थेट तोंडावर. अर्धा-पाऊण तास थांबा. केळीला उशीर झाला तर भाव पडेल, डोळे गेले तर काय करणार?

या आठवड्यात एक काम करा. सपाटीला, घाटात आणि थांबल्यावर काटा कुठे असतो ते वहीत लिहा. आपल्या गाडीची सवय एकदा कळली, की तिचं दुखणं लगेच ओळखू येतं. चला, भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा भो!